कुंदाची तारीफ

अमरावती, २० नोव्हेंबर १९३४

चि. सौ. वच्छलावहिनीस गोदावरीचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे सुखरूप.

तू नवी सून असताना आपण दोघी मागच्या दारी चिंचा फोडत बसलो होतो, आठवतं? तू चिंचोके मोजायचीस आणि वीसच्या पुढे विसरायचीस. तुझ्या पोटी ही कुंदा कशी निपजली, देव जाणे.

तिसरीचं पुस्तक आठवड्यात संपवायचं, पाचवीच्या मुलींची गणितं सोडवायची आणि उरलेला वेळ गप्पा मारल्या म्हणून बाकावर उभं राहायचं, हे काही खरं नाही. दिवाळीपासून ती शाळेत जायचं नाव काढत नाही आणि हरिहर म्हणतो, मग राहू दे घरी. माझ्या भावाला वकिली येते, एवढंच येतं. तू स्वतः हेडमिस्ट्रेसबाईंना भेट. पोरीला वरच्या वर्गात बसवा म्हणावं. सोबत आईला ने.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी नणंद, गोदावरी

अकोला, २७ नोव्हेंबर

ती. वन्संना वच्छलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही म्हटल्याप्रमाणे गेलो आणि सगळं उलटं झालं. बाई मुंबईकडच्या, मिशनात वाढलेल्या, नव्या आहेत. कुंदा घरी कशी आहे, असं त्यांनी विचारलं. परक्या माणसासमोर आपल्याच लेकराची तारीफ कशी करायची? नजर लागते. मी म्हटलं, कशाची हो, वेंधळी आहे. सासूबाईंनी भर घातली की डोक्यात निव्वळ भुसा आहे.

यावर समोरच्याने छे छे, किती गुणाची पोर, असं म्हणायचं असतं. बाई म्हणाल्याच नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खरं बोलल्याबद्दल आमचे आभार मानले आणि कुंदाला दुसरीत उतरवलं.

पोर दोन दिवस धड जेवली नाही. यांचं म्हणणं, आता नावच काढून टाकू. काय करू, ते लवकर कळवा.

तुमची मायेची, वच्छला

अमरावती, २९ नोव्हेंबर

चि. वच्छला, आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले, मग चहा गोड लागेना. उद्याच परत जा. कुंदाच्या गालाला तीट लाव, हवी तेवढी मोठी लाव, पण खरं ते सांग. मान ताठ ठेव. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला तेच शिकवीत.

गोदावरी

अकोला, ४ डिसेंबर

ती. वन्संना सा. नमस्कार.

गेलो. सासूबाईंनी तीट एवढी मोठी लावली की बाईंना शाईचा डाग वाटला आणि त्यांनी स्वतःचा रुमाल पुढे केला. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, माझी मुलगी हुशार आहे. त्या दिवशी आम्ही खोटं बोललो."

आई खोटं कशाला बोलेल, हेच बाईंना कळेना. सासूबाईंनी त्यांना नजरेचं सगळं समजावलं. मग बाईंनी पाचवीची पाच गणितं घातली. कुंदाने ती सोडवली आणि आणखी आहेत का, म्हणून विचारलं. सोमवारपासून ती पाचवीत बसते. बाईंनी पाठ थोपटताच सासूबाईंनी कनवटीची मीठमोहरी काढून तिथेच दृष्ट काढली. बाई घाबरून भिंतीला टेकल्या.

परतताना टांग्यात सासूबाईंनी कनवट पुन्हा खोचली. मग एकदम म्हणाल्या, "माही गोदी बी अशीच हुशार होती. म्या कोनाले सांगतलं नाई."

तुम्हाला कळवावंसं वाटलं.

तुमची वच्छला

अमरावती, ७ डिसेंबर

चि. वच्छला, अनेक आशीर्वाद.

आईच्या बोलण्यापर्यंत वाचलं आणि चष्मा पुसायला उठले. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी बोलावलं, तेव्हा आईने मी मठ्ठ असल्याचं सांगितलं होतं. मी दाराआड उभी होते. चोपन्न वर्षांची झाले, पण मनातून अजून मठ्ठच होते बघ.

माया असू दे.
गोदावरी

ता. क. गड्याबरोबर शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची टोपली पाठवते आहे. वरची मऊ आईला, सोलून दे. डझनभर हेडमिस्ट्रेसबाईंना, ती मात्र आईच्या हातून देऊ नकोस, आंबट आहेत म्हणून सांगेल. हरिहरला उरतील ती. रुमालात गुंडाळलेलं माझं फाउंटन पेन कुंदाला. तू हुशार आहेस म्हणून आत्याने दिलं, असं तिच्या तोंडावर सांगून दे. तीट मागाहून लाव.