चवीची वही आणि श्रावणी सोमवार

तेल्हारा,
बुधवार, २५ ऑगस्ट २०१०

तीर्थस्वरूप वामनकाका यांस रागिणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

नववीत असताना मी तुमच्या रेडिओची काच फोडली आणि मांजराचं नाव सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पोरी, तुले खोटं बोलता येत नाही, कान लाल होते तुहे. तू आपलं लिहत जाय." पुढे मी मास्तरीण झाले आणि दिवसभर लिहीतच असते, म्हणून आठवलं. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. शनिवारी पट्टी निघेपर्यंत अमरावतीलाच थांबा आणि लेकीकडे तिखट मागू नका. (इंदू, हे पत्र तूच वडिलांना वाचून दाखवत असशील. ओरडून वाचू नकोस, ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानाचं नाही.)

आता सोमवारची हकिगत. तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष, तेव्हा गावातून चार जणांनी फोनवर चार प्रकारे सांगितली असेलच; ही पाचवी. मुलांना खिचडी वाढण्याआधी शिक्षकाने ती चाखायची आणि चवीच्या वहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. यंदा रमजान आणि श्रावण एकदमच आलेत. सोमवारी मला उपवास, नईमा मॅडमला रोजा, आणि खिचडी शिजवणाऱ्या तानुबाईचा तर सोमवार निर्जळी. अख्ख्या शाळेत चाखायला एकही मोठं माणूस मोकळं नव्हतं. (फाटकातली कुत्री होती, पण तिची सही चालत नाही.) नईमा मॅडमने वासावरून अंदाज घेतला, मी रंगावरून घेतला, आणि मागच्या सोमवारसारखंच "चव उत्तम" लिहून टाकलं. मॅडमने खाली "सहमत" लिहिलं.

खिचडीत मीठ दोनदा पडलं होतं.

मुलांनी तक्रार केली नाही. बासष्ट पोरं मुकाट जेवत होती आणि पाण्याचा ड्रम भराभर उतरत होता, एवढंच दिसत होतं. मागच्या साली पिकलं नाही, तेव्हापासून श्रावणी सोमवारच्या अर्ध्या शाळेलाही हजेरी पूर्ण असते. कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी दुसरीतली एक मुलगी ताटली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "बाई, लय खारट हाय. अजून थोडी द्या."

नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख आले. त्यांनी एक घास घेतला (ते उपवास करत नाहीत, हे त्या दिवशी त्यांना महागात पडलं), वही उघडली आणि कोणी चाखली म्हणून विचारलं. नईमा मॅडम छपराच्या पत्र्याकडे बघू लागल्या, मी वहीकडे. मग साहेबांनी तानुबाईला पुढे बोलावलं आणि मीठ दोनदा टाकलं का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मी एकदाच टाकलं, साहेब. पण बाई म्हणत असतीन दोनदा, तं दोनदा टाकलं असन." मी काहीच म्हटलं नव्हतं. त्यानंतरही म्हटलं नाही.

समितीने येत्या सोमवारी सभा घेऊन स्वयंपाकीण बदलावी, असा शेरा देऊन साहेब गेले. आज तांदूळ निवडताना तानुबाईने मला विचारलं, नवीन बाई आली तरी तिच्या दोन्ही पोरी शाळेत जेवतील ना. मी हो म्हटलं. संध्याकाळच्या जेवणाचं तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीस जपावे.

तुमची पुतणी,
रागिणी

ता. क. दुसऱ्यांदा मीठ मी टाकलं. तानुबाई चुलीपासून उठून बकरी हाकलायला गेली होती. ती टाकायचं विसरली असं मला वाटलं, चाखून बघता येत नव्हतं, म्हणून मी मूठभर टाकून ढवळलं. (इंदू, थांबू नकोस, पुढे वाच.) कागदावर उतरवलं की हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही.

आणखी एक. तानुबाईच्या जागेसाठी एकच अर्ज आलाय, तुमच्या धाकट्या सूनबाईंचा. त्यांच्या हाताला चव आहे, हे मी खाऊन सांगते. मी सभेत बोलायला उठले तर तुम्ही मला खाली बसवाल, म्हणून लिहिते. घरात आलेलं काम परत करा म्हणते, आणि तेही घरच्या पोरीचं नाव चारचौघांत खराब करून. तुम्ही नाहीच म्हणाल. तरी सोमवारी हे पत्र सभेत वाचायला लावा, आणि तानुबाईला राहू द्या.