पुलावर अडलेली मेंढरं

प्रिय सत्यशीले,

फोन उचलायला तुझं बोट झिजतं, म्हणून हे लिहून राहिले. माझी शाळा चौथीची, तेवढ्यात भागव. तांड्यावरच्या ओमप्रकाशशी लग्न करते म्हणलीस, तर तुझ्या बापानं ताट सरकवलं अन् तू बॅग उचलून पुण्याला गेलीस. दिवाळीलाही आली न्हाईस. दोघंही एका मुशीतले, अडले की अडले.

इकडं हिंगोलीत बाजारातून ठेसनाकडं जायचा नवा पूल सुरू झाला. लोक कठड्याला टेकून फोटो काढतात, जशी काय नदी यांनीच आणली. ठेसनापलीकडं एकाच्या सोयाबीन निघालेल्या रानात खतासाठी आपली मेंढरं बसवायची होती. दरसाल आपण नदीतून उतरतो. यंदा पाणी हटंना. तुझा बाप शिवहार म्हणला, पूल काय नुसता मोटारीसाठी बांधला? चला वरून.

मधोमध जोडाची लोखंडी पट्टी आली. फटीतून खाली पाणी चमकलं अन् म्होरक्या मेंढ्यानं चारी पाय रोवले. मागची सगळी त्याच्या बुडाला चिकटून उभी. दोन्हीकडून आटो, मोटरसायकली. एक आटोवाला वरडला, म्हातारे, माझ्या सवारीची गाडी सुटंल! मी म्हणलं, मग सवारीला खांद्यावर घे अन् पळ.

तुझा बाप काठी आपटून लाल झाला. तेवढ्यात ठेसनाकडून कोण येऊन राहिलं? ओमप्रकाशचा बाप, देविदास. कडक पांढरा शर्ट. आता, मेंढरू अडलं की पिल्लू उचलून पुढं चालायचं. आई वरडत मागं येते अन् बाकीची तिच्या मागं. मला काय ठाऊक न्हाई? पण काखेतलं कोकरू मी सरळ देविदासच्या छातीवर ठेवलं. म्हणलं, माझे गुडघे गेले बाबा, तू चल. तो चालला. कोकरू शर्टावर मुतलं, तरी चालला. मागं मेंढी, मागं सगळा कळप, अन् ज्याचं तोंड बघणार न्हाई म्हणला होता त्याच्या मागं-मागं तुझा बाप! हसून हसून मला कठडा धरावा लागला.

ठेसनासमोर चहा घेतला. पहिला कप संपला. मग तुझा बाप म्हणला, शर्ट धुऊन देतो. देविदास म्हणला, राहू द्या, सोयऱ्याकडचा डाग हाय. मी कपात तोंड घातलं. शिवहार उठून जाईल वाटलं, तर त्यानं अजून चहा सांगितला.

काल तो माझ्याजवळ बसला, उगंच मेंढीच्या खुरातला काटा बघत. म्हणला, आई, पोरीला लिही, म्हणावं ये. मी म्हणलं, तू काहून लिहीना? तर म्हणे, माझं अक्षर बराबर न्हाई. बारावी झालेलं गाढव! तर ये बाई. त्या पोरालाही आण. बाप ठेसनावर घ्यायला येणार हाय, अन् सकाळपासून मला विचारून राहिला, जावयाला नावानं हाक मारायची का अहो म्हणायचं.

तुझीच,
वाट-बिट न बघणारी आजी