दुकान माझं, घर तुझं

दिनांक ९ मार्च २०२६, सोमवार. सकाळी नोंदणी कार्यालयात जाऊन आले. दुपारी थोडे जेवले. आता हे लिहीत आहे.

लिहून ठेवणार मी, वय चौसष्ट, निवृत्त लघुलेखिका. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही; उलट दादा लिहू नकोस म्हणतो आहे.

१. अकरा वर्षांपूर्वी माझा घटस्फोट झाला. भांडण नव्हते, म्हणून वाटणीसाठी वकील लावला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी, म्हणजे नवऱ्याने, सांगितले, मी लिहिले, दोघांनी सह्या केल्या. "लिही. दुकान माझं, घर तुझं." तीस वर्षे साहेबांचे बोलणे जसेच्या तसे उतरवले, तसेच हेही उतरवले. नावे घालायचे दोघांनाही सुचले नाही.

२. तीन आठवड्यांपूर्वी ते गेले. चष्म्याचे दुकान अजून आमच्या दोघांच्या नावावर आहे. त्यांच्या दुसऱ्या पत्नीला कपाटात तो कागद सापडला. काल तिने दुकानाच्या किल्ल्या आणून दिल्या. दहा वर्षे ती तिथे काचा घासते आहे. "तुमच्या अक्षरात लिहिलंय ताई, दुकान माझं. मी काय बोलणार?" किल्ल्या परत घेईना. चहाही घेतला नाही.

३. आज कारकुनाने कागद वाचला. "बाई, अक्षर तुमचं, सही तुमची. मग दुकान तुमचंच की." बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आयतं हातात आलंय, गप्प बस." गप्प बसणे मला चांगले जमते. या वेळी बसणार नाही.

४. त्या कागदात जिथे 'माझं' आहे ते त्यांचे, जिथे 'तुझं' आहे ते माझे. दुकानातला माझा नावापुरता हिस्सा, यंत्रे व पाटी यांसह, त्यांच्या पत्नीला द्यावा. तशी नोंद करण्याचा अर्ज आजच दिला आहे; नोंद होण्याआधी माझे काही बरेवाईट झाले तर हे मृत्युपत्र धरावे. किल्ल्या उद्या मी नेऊन देईन. घेतल्या नाहीत तर काउंटरवर ठेवून येईन.

५. घर व बँकेतली शिल्लक लेकीला. दादाने नेलेला मिक्सर दादालाच. तीनदा मागितला, आता मागत नाही.

६. कागदाची शेवटची ओळ शिडीची आहे. "शिडी माझी, पण तुझ्याकडे राहील." मी विचारले होते, "बल्ब कोण बदलणार?" "मी येईन. तू पडशील." अकरा वर्षे आले. बल्ब बदलायचे, हात धुवायचे, जायचे. दोनदा बल्ब चांगला असताना मी बोलावले. त्यांना कळले असावे. शिडी त्यांची, म्हणून तीही त्यांच्या पत्नीला द्यावी.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आणि माझ्या जुन्या कार्यालयातली टंकलेखिका. दोघांनी वाचून माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. तेच.

सही.

खाली जोड: साक्षीदार गेले. जिन्यातला बल्ब पंधरा दिवस बंद होता. भिंत धरून शिडीवर चढले आणि नवा लावला. मग शिडी पुसून दाराशी ठेवली.