सासूबाई, गळकी बादली आणि निळा गवई

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल (माझी मान सोडून, ती डावीकडे वळत नाही, कारण पुढे येईलच).

तुझा जुना कॅमेरा आल्यापासून मला पाखरांचं वेड लागलंय. परसातल्या झाडाला बादली टांगली, बुडाला बारीक भोक पाडलं, खाली मातीची परात ठेवली. थेंबांच्या टपटपीला पाखरं भुलतात म्हणे. भुललीही असती; पण सासूबाई तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि गळकी वस्तू त्यांना उशिरा येणाऱ्या शिक्षकासारखी खुपते. मी दवाखान्यात लोकांचे दात उपटत असताना त्यांनी भोकात मेण भरलं. मी काढलं. त्यांनी पुन्हा भरलं. चार दिवस हेच चाललं, पण त्यावर दोघींपैकी कुणी चकार शब्द काढला नाही (आमच्या गोडीचं हेच तर रहस्य).

रविवारी मात्र मेण काढून मी तिथेच ठाण मांडलं. हिरवी चादर पांघरली, डोळ्यापुरतं भोक पाडलं (चादर सासूबाईंच्या लग्नातली, हे मागाहून कळलं). दोन तास झाले. मुंगी पोटरी चढून गुडघ्यावर पोचली, तरी मी हूं की चूं केलं नाही. आणि आला की रे तो! निळाशार, गळा केशरी, मुठीत मावेल एवढा. पडता थेंब चोचीत झेलला आणि अशी तान घेतली की माझे डोळेच भरून आले. बटण दाबणार, तोच स्वारी भुर्रकन उडाली ती थेट कॅमेऱ्याच्या नळकांड्यावर! माझ्या नाकापासून वीतभर! आता फोटो कशाने काढू? त्याला बघायला उजवीकडे वळवलेली मान तशीच वाकडी राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाईंचा दबका आवाज आला, "हलू नकोस गं. शिंकलीस तर गाठ माझ्याशी आहे."

त्यांनी फोनवर टिपला, दादा! पीस न् पीस मोजून घ्यावं असा. मी आनंदाने चादरीसकट त्यांना मिठी मारली. "पुरे, पुरे," म्हणाल्या आणि स्वतः बादली भरायला गेल्या.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझी ती हातभर लांब लेन्स लगोलग पाठव. मला नको, सासूबाईंना हवी आहे.

आणखी ता. क. कॅमेराही आता त्यांच्याकडेच असतो. पाखरांना बसायला माझी फांदीच्या जागी नेमणूक झाली आहे. रजा हवी असल्यास आदल्या दिवशी लेखी अर्ज द्यावा लागतो.