सूर्याकडे पाठ करून

दिवेआगर,
५ सप्टेंबर १९३३

प्रिय जैबू,

भावाला लिहिलेलं तुझं पत्र गौरी जेवल्या त्याच दिवशी आलं. कुबराच्या लग्नाला येणार नाहीस म्हणे. बोट लागते, गुडघे धरलेत, आणि मुंबईचं घर बघायला मागे कोणी नाही. तीन कारणं एकदम दिलीस ना, तेव्हाच ओळखलं की त्यातलं एकही खरं नाही. अगो, करमअली नाखव्याची लेक तू, चालता येण्याआधी गलबतात रांगलीस, आणि तुला बोट लागते? नुरुद्दीन ते पत्र हातात धरून आपल्या दोन वाड्यांमधला गडगा ओलांडून आला, तोंड एवढंसं झालेलं. माझी कुबरा तिची एकुलती एक भाची, तिच्या निकाहाला सख्खी फुफी, आत्याच नाही, आता पाव्हण्यांना काय सांगू, म्हणून ओसरीवर डोकं धरून बसला. मी म्हटलं, भावाचं ऐकत नाही ती, माझं ऐकते का बघू. म्हणून लिहायला बसले आहे. तू आलीच पाहिजेस, एवढ्यासाठी हे सगळं आहे, ते आधीच सांगून ठेवते.

तू पहिल्या ओळीत नेहमी माझ्या उजव्या डोळ्याची चौकशी करतेस, तर ती उरकून टाकू. डोळा आहे तसाच आहे. मधोमध तो काळा ठिपका, कडेकडेचं सगळं दिसतं. डावा मिटून आमच्या मास्तरांकडे पाहिलं तर त्यांचे दोन्ही कान दिसतात आणि नाक दिसत नाही. नाकच जरा मोठं असल्यामुळे माझी काही तक्रार नाही. सुईत दोरा डाव्या डोळ्याने ओवते, सुपाऱ्या सोलताना तर डोळा लागतच नाही. तू दर वर्षी न चुकता गुलाबपाणी आणि सुरमा पाठवतेस, ते मी डोळ्याला लावत नाही हे आज सांगते. सुरमा सुना घालतात आणि गुलाबपाणी खिरीत जातं.

आता ग्रहणाची गंमत ऐक. पिठोरी अमावस्येला सकाळीच ग्रहण, तेही चांगलं मोठं. आमचे चांगदेव मास्तर महिनाभर आधीपासून त्याच नादात. शाळेत वर्तमानपत्र येतं, त्यात आलं होतं की उघड्या डोळ्यांनी पाहू नका. मास्तर म्हणाले, पोरांना नुसतं पाहू नका म्हटलं तर ती हमखास पाहणार, त्यांना पाहायला दुसरं काहीतरी दिलं पाहिजे. मग एके दिवशी माझी तांदळाची चाळण घेऊन अंगणात उभे राहिले, सूर्याकडे पाठ, आणि खाली मी धुतलेलं त्यांचं धोतर पसरलेलं. चाळणीच्या भोकाभोकातून उन्हाचा एकेक वाटोळा ठिपका धोतरावर पडला. म्हणाले, हा प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्यच, ग्रहण लागलं की हे सगळे ठिपके खाल्ले जातील. मी म्हटलं, तांदूळ मी कशात चाळू ते सांगा आधी. पण खरं सांगते जैबू, आत कुठेतरी लागलं. इतकं सोपं होतं, आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही. मधे एकदोन लहान ग्रहणं झाली, तेव्हा मी खिडक्यांना गोधड्या लावून आत बसले होते. या वेळी ठरवलं की बाहेर बसायचं आणि एकाही पोराचा डोळा वर जाऊ द्यायचा नाही.

ग्रहणाच्या दिवशी वाडीत हीऽ जत्रा. म्हाताऱ्यांनी पोरांना कोंडायचं ठरवलं होतं, पण मास्तरांची शाळेतली पोरं कौलं उचकटून आली असती. तुमच्या मशिदीत नमाज चालू होती, नुरुद्दीन तिकडे. मी माडांखाली सारवून ठेवलं होतं, सगळ्यांना सूर्याकडे पाठ करून बसवलं, हातात फोक घेतला आणि सांगितलं, जो मान वळवील त्याला पहिला फटका माझा, मग सूर्याचा. तेवढ्यात शेजारची राही परात घेऊन आली, पाण्यात हळद कालवलेली, त्यात वाकून बघायचं म्हणे, आमच्या आजीपासून असंच बघतात. मी परात सरळ उपडी केली. पाण्यातला सूर्य पण सूर्यच गो बाई, तोही डोळे जाळतो, असं म्हटलं, तर राही चिडली. म्हणाली, एका डोळ्यानं शानी झालीस व्हय? मी म्हटलं, व्हय, तुला दोन असून कळत न्हाय. मग दोघी हसलो, आणि तीही पदर सावरून पोरांत येऊन बसली.

आणि काय दिसलं म्हणतेस! चाळण नंतर कोणी बघितलीच नाही. माडाच्या झावळ्यांतून जे कवडसे पडतात ना, रोजचे, ज्यांच्याकडे आपण जन्मात लक्ष देत नाही, ते सगळे एकाएकी चंद्रकोरी झाले. सारवलेल्या जमिनीवर, पोरांच्या पाठींवर, राहीच्या पांढऱ्या केसांवर, जिकडेतिकडे कोरी, आणि वारा आला की सगळ्या मिळून हलायच्या. मला रडूच आलं. मग नेमका पातळ ढग आला. श्रावणातलं ऊन ते, क्षणात जाणार. कोरी पुसल्या, सूर्य ढगाआड असा मऊ, फिका झाला, आणि पोरांच्या माना आपोआप वर निघाल्या. ढगातून डोळे दिपत नाहीत, म्हणून तर माणूस बघत राहतं, आणि डोळा जळतो तेव्हा दुखत नाही, हीच तर मेख आहे. मी अशी ओरडले की मशिदीपर्यंत ऐकू गेलं असेल. सगळ्या माना खाली. मास्तर मागून कौतुकाने म्हणाले, शाळेत येतेस का उद्यापासून?

त्या गडबडीत कुबरा गडग्यावरून आली. सतरा वर्षांची झाली गो, अगदी तुझी चाल. ओढणीखाली काहीतरी धरलेलं. मी जवळ गेले तर लाल काच. तीच, तुमच्या गलबताच्या डाव्या अंगाच्या कंदिलाची, कडेला टवका उडालेली. नाखव्याच्या पेटीत इतकी वर्षं होती म्हणे. मी हात पुढे केला, तशी ती घाबरून म्हणाली, काकी, बघायला नाय आणली, समिंदरात टाकायला चालले. घरात म्हणतात फुफीनं या काचेनं तुमचा डोळा घालवला, म्हणून ती घरी येत नाय. लग्नाआधी ही घरातून गेली तर येईल का ती? मी काच हातात घेतली. मी तिला जवळ घेतलं आणि काच माझ्याजवळच ठेवली.

तुला तो दिवस आठवतोच, तरी लिहिते. अठ्ठ्याण्णव सालचं ग्रहण, आपण दोघी दहा वर्षांच्या. तिकडे रत्नागिरीच्या बाजूला भर दुपारी चांदण्या दिसल्या म्हणत, इथे सूर्याची बारीकशी कोर तेवढी राहिली होती. घरातले सगळे आत, आणि आपण दोघी विहिरीच्या मागे. तू नाखव्याच्या नकळत ती काच आणलीस. आपल्याला वाटलं, जी काच रात्री समुद्रावर गलबतं सांभाळते ती आपल्याला का नाही सांभाळणार. मास्तर आता सांगतात, रंगीत काच उजेड अडवते, आग अडवत नाही. संध्याकाळी मला आईचा चेहराच दिसेना, नुसते कान आणि केस. आईने विचारलं, कुणी दाखवलं? मी म्हटलं, जैबूनं काच दिली. त्यावर नाखव्याने तुला अंगणात, अख्ख्या वाडीसमोर, दोरखंडाने मारलं. आईने तुला सांगितलं, या गडग्याच्या आत पुन्हा पाय ठेवू नकोस. पुढे माझी ठरलेली सोयरीक मोडली, तेव्हाही नाव तुझंच निघालं. वास्तविक ती मोडली म्हणून मला मास्तर मिळाले, त्याबद्दल मी तुझे पाय धरायला हवेत. पण तू तशीच चौदाव्या वर्षी लग्न करून मुंबईला गेलीस. नाखवा वारले तेव्हा आलीस, ती दोन रात्री आमच्या वाडीकडे पाठ करून बसलीस. मी माडाआडून बघत होते आणि हाक मारली नाही.

का मारली नाही, ते ऐक आता. तुला पत्र तुझा लेक वाचून दाखवतो ना, त्याला हे मोठ्याने वाचू दे, घरातले सगळे बसले असतील तेव्हा. जैबू, तू मला काच दिलीस आणि पाच श्वास मोजून काढूनही घेतलीस. बस झालं आवडे म्हणालीस, माझ्याकडून शपथ घेतलीस, आणि काच लपवायला घरी पळालीस. तू गेल्यावर मी विहिरीच्या काठावर चढले, डावा डोळा मिटला, आणि उघड्या उजव्या डोळ्याने त्या कोरीकडे बघत राहिले. खूप वेळ. आईने विचारलं तेव्हा शपथ मोडल्याचं सांगायची भीती वाटली, म्हणून काचेचं नाव घेतलं. मग तुला मार बसताना पाहिला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मग पस्तीस वर्षं गेली. काचेनेही थोडं बिघडवलं असेल, कोण जाणे, पण डोळा माझा मी घालवला, आणि तू मला अडवलं होतंस. कुबराचं बोलणं ऐकल्यावर चार दिवस मला जेवण गेलं नाही. तरी धीर व्हायला पंधरवडा गेला, काल नुरुद्दीनला आणि तिला ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. कुबरा रडली. नुरुद्दीन एवढंच म्हणाला, बाबा मरेपर्यंत तिच्याशी धड बोलला नाही. तू माझ्यावर रागव, बोलू नकोस, माझ्या हातचं पाणी पिऊ नकोस, पण लग्नाला ये. दिवाळीनंतर आगबोट दिघीला लागेल तेव्हा मी धक्क्यावर उभी असेन. नुरुद्दीनला सांगितलंय की गावातली जेवढी माणसं आणता येतील तेवढी आण. तुला मार सगळ्यांसमोर बसला होता, तर मी माफीही सगळ्यांसमोरच मागणार.

तुझीच,
आवडा