मागच्या खोलीतली जर्मनी

१८ जानेवारी २०२६, रविवार. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. चौतीस वर्षं प्लांट मॅनेजरची सेक्रेटरी होते. तारीख-वेळ नसेल तर ती तक्रार नसते, नुसती कुरकुर असते.

ठिकाण: सोसायटीचं क्लबहाउस. प्रसंग: हळदीकुंकू. (हल्ली विधवांनाही बोलावतात. बोलावलं हे चारचौघीत सांगतातही.) माझ्या एका हातात तिळगूळ, दुसऱ्यात वाण — प्लॅस्टिकची चाळणी! — आणि आमच्या चेअरमनबाई, स्वरूपा, यांनी आपला मोबाइल थेट माझ्या कानाशी धरला. "पद्माताई, हा तुमचाच आवाज ना हो?"

ढम् ढम् काहीतरी वाजत होतं आणि त्यात मी बोलत होते. मीच! "सुखदा, पडदा लाव. समोरच्या बघतात. तू जर्मनीत आहेस." मग नुसतंच, "पडदा लाव. पडदा लाव. पडदा लाव." आणि मग माझी लेक, धाप लागल्यासारखी भराभर:

शेजारी विचारतात, पोरगी कुठंय?
आई म्हणते जर्मनी, मोठं काम तिथंय.
भिंतीआड मी, खोली दहा बाय दहा,
माझ्या जर्मनीत एक पंखा, एक खिडकी, थंड चहा.

चाळीस सेकंद. अकरा बायका. एकही हसली नाही. हसल्या असत्या तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते!

चाळणी खुर्चीवर ठेवली आणि घरी आले. रडले नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस सांगायच्या, अश्रू रुमालात आणि आवाज घशात. साठ वर्षं पाळलंय.

१९ जानेवारी

काल अक्षर वाकडं आलं. आज नीट लिहिते.

या पानाला तरी खरं सांगायला हरकत नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये सुखदाने ऑफिसला जाणं बंद केलं. तेहतीस वर्षांची, चाकणच्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर, कधी रजा न घेणारी. एका सकाळी बूट घालायला बसली आणि तिथेच बसून राहिली, एक बूट पायात, एक हातात. नंतर मागच्या खोलीत गेली ती ऑगस्टपर्यंत बाहेर आली नाही. डॉक्टर नैराश्य म्हणाले. मी जर्मनी म्हणाले. तिची कंपनी दर वर्षी कोणाला ना कोणाला पाठवतेच, कोणाला शंका येणार नव्हती. पण जर्मनीतली मुलगी खिडकीत दिसून कशी चालेल? म्हणून पडदा. दारावर टकटक केलं तर ओ देत नसे, म्हणून स्वयंपाकघरातून तिच्या मोबाइलवर निरोप बोलून ठेवायची. ऑगस्टनंतर ती पुन्हा ऑफिसला जाऊ लागली, तेव्हा जर्मनीहून परतली म्हणून सांगितलं.

तोच आवाज तिने जपून ठेवला. आणि गाण्यात घातला. तिच्या आईचा, न विचारता!

आज सकाळी स्पष्ट विचारलं. ती गडबडली. म्हणाली, "आई, मी तुला आधी ऐकवणार होते. तो तुकडा सुजितने परस्पर नेटवर टाकला."

"कोण सुजित?"

कासारवाडीला शनिवारी ती ज्या गटात जाते, तिथला. मनाच्या आजारातून, व्यसनातून उठलेली माणसं गोल करून बसतात आणि बोलतात, एवढंच मला माहीत होतं. गातात हे माहीत नव्हतं. दोघांनी मिळून हे गाणं केलंय आणि १ फेब्रुवारीला गटाच्या कार्यक्रमात स्टेजवर म्हणायचं आहे.

मी म्हणाले, "त्याचा लेखी खुलासा हवा. आणि माझा आवाज काढून टाक."

ती मग म्हणाली, "काढते. पण मग मी स्टेजवर जाणार नाही. अर्धं खरं गाणं मला नाही म्हणता येणार."

"नको जाऊस!"

हे मी म्हणाले. मीच म्हणाले.

२० जानेवारी

तिच्या खोलीचा पडदा लावलेला. दुपारचे बारा वाजलेत. ऑफिसला गेलेली नाही.

२१ जानेवारी

सुजित आला. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून थेट, अंगावर अजून निळा युनिफॉर्म. तिशीचा असेल. राजगुरुनगरच्या पुढच्या कुठल्याशा गावचा, राहायला दिघीत. जावई म्हणून शिरकाव करायला बघतोय की काय, अशी शंका होती. त्याने बायकोचा आणि मुलीचा फोटो दाखवला. मी विचारलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं.

"काकू, खुलासा आणलाय."

"मॅडम म्हणा."

"व्हय, मॅडमकाकू."

कागद दिला. सुवाच्य अक्षर, उजवीकडे तारीख, विषय, सगळं जागच्या जागी. 'सविनय खुलासा देतो की, दि. १७ रोजी बसमध्ये असताना उत्साहाच्या भरात मी सदर गाण्याचा तुकडा सुखदाताईंना न विचारता टाकला. त्यात त्यांचा दोष नाही. तुकडा काढून टाकला आहे. तरी माझी चूक माफ व्हावी.'

मी म्हणाले, "बरं लिहिता की!"

"सवय हाय. दारू पीत व्हतो तवा महिन्याला एक खुलासा लिवायचो. गैरहजर का, उशीर का, मशीनवर झोपला का. एचआरवाले म्हनायचे, सुजित, तुझा हात काय भारी बसलाय!" स्वतःच हसला. मग म्हणाला, "अकरा महिने झाले, न्हाई घेतली. ह्यो पहिलाच खुलासा, जो खरा हाय."

चहा विचारला. दोन कप प्याला. ते ढम् ढम् काय आहे, हेही विचारलं. प्रेसशॉपचा, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनचा ठोका म्हणे. आत मोबाइल नेता येत नाही म्हणून ठोका कानात भरून घेतला आणि डब्याच्या झाकणावर वाजवून काढला.

जाताना सुखदाच्या बंद दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ताई शनिवारी येतील ना? न्हाई म्हंजे, आमी जागा धरून ठिवतो."

मी रिकामे कप उचलले. माहीतच नव्हतं.

पूर्ण गाणं माझ्या मोबाइलवर टाकून गेला. "चाळीस सेकंदावर जाऊ नका, काकू." पुन्हा काकू!

२२ जानेवारी

पडदा तसाच. ताट अर्धं परत. गोळ्या घेतल्या असं दारातून म्हणाली.

मी टेबलाशी बसून गाणं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं. तक्रार करायची तर मजकूर हाताशी हवा, शब्दन् शब्द. इंग्रजी शॉर्टहँड शिकले असले तरी ते आवाज लिहितं, भाषा नाही. मराठी आरामात बसते. दोघांची कडवी, माझा आवाज तीन ठिकाणी. शेवटी नुसता ठोका, कोणी काही म्हणतच नाही. निष्काळजीपणा! समासात प्रश्नचिन्ह केलं.

२३ जानेवारी

चौतीस वर्षांत कधी कोणाला सांगितलं नाही ते लिहिते. डिक्टेशन घेताना अर्थ कळत नाही. हात नुसता धावतो. साहेब बढती देताहेत की कोणाला काढताहेत, ते टाइप करायला बसल्यावर कळायचं. कितीदा तरी मी मशीनशी बसून दचकलेय.

आज कॉम्प्युटरवर ते गाणं उतरवायला बसले. सुजितच्या कडव्यात हे होतं:

रिकाम्या हातानं घरी जातो, राव,
हात थरथरत न्हाई, लिवतो माझं नाव.

यमक बाळबोध आहे. तरी थांबले. परवाचा तो कागद आठवला, खालची सही.

मग माझा आवाज. "पोळी दाराशी ठेवली आहे. गार झाली तर मी पुन्हा करणार नाही." आणि त्यावर सुखदा:

म्हणाली, पुन्हा करणार नाही. म्हणाली रोज तेच.
एकशे एक्केचाळीस दिवस पोळी दाराशी, गरमच.
मला उठायचं नव्हतं, श्वासही नको व्हायचा,
पण दुपारी एक वाजता तिचा राग यायचा.
तिचा राग यायचा म्हणून कळायचं, दिवस आहे,
दाराच्या पलीकडे कोणीतरी माझ्या बाजूचं आहे.

'बाजूचं आहे' पर्यंत टाइप केलं आणि पुढची कळ सापडेना. चष्मा पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

मी चाळीस सेकंदांवर निकाल दिला होता. साहेब असे वागले तर मी त्यांना म्हणायची, सर, पूर्ण फाइल वाचा.

एक वाजला होता. उठले. दोन पोळ्या केल्या, तूप लावलं, ताट तिच्या दाराशी ठेवलं आणि बाहेरूनच म्हणाले, "पोळी ठेवली आहे. गार झाली तर मी—"

आतून आवाज, "पुन्हा करशील."

"मुळीच नाही!"

"करशील गं."

कडी निघाली. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले. जमिनीवरच मांडी घालून जेवली, दारात. मीही गुडघे सांभाळत समोर बसले. किती महिन्यांनी तिला असं समोर बसून जेवताना पाहिलं! पोळीचा आधी कडेचा भाग खाते, लहानपणापासून.

म्हटलं, "शेवटी नुसता ठोका वाजत राहतो. तिथे चूक झाली आहे."

"चूक नाही. ती जागा तुझी आहे."

"माझी?"

"गटाचा नियम आहे. कोणी कोणाचं कडवं लिहायचं नाही. ज्याचं त्याने लिहायचं. मी तुझा आवाज घेतला, पण तुझ्या वतीने बोलायचं नव्हतं मला. म्हणून जागा सोडली."

"मी असली गाणी लिहीत नाही."

"माहीत आहे," म्हणाली. "रिकामी राहिली तरी चालेल."

२४ जानेवारी

पडदा उघडा. कासारवाडीला गेली. रिक्षात बसताना वर बघून हात केला. समोरच्यांनी बघितलं. बघू देत.

२५ जानेवारी, रथसप्तमी

विसरलेली चाळणी आणायला स्वरूपाकडे गेले. खरं म्हणजे चाळणी हे निमित्त. चपला काढायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता. "सुखदा जर्मनीला गेली नव्हती. आजारी होती. मी खोटं सांगत होते."

स्वरूपा म्हणाली, "बसा तरी, पद्माताई. आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"रोज दोन पिशव्या दूध. एकट्या बाईला?" मग जरा चाचरत, "आणि संध्याकाळी दिवा लावला की पडद्यावर सावली दिसायची. बसलेली असायची."

सहा महिने! मी यांना जर्मनीतलं हवामान सांगत होते, बर्फ पडला म्हणून — जूनमध्ये! — आणि या बायका मान डोलवत होत्या. कान तापले माझे. म्हटलं, "मग त्या दिवशी चारचौघीत फोन कानाशी धरायची काय गरज होती?"

ती तिळगुळाचा डबा उघडत राहिली. झाकण निघालेलं होतं तरी उघडत राहिली. "मला विचारायचं होतं, ते गाणं करणारे लोक कुठे भेटतात. कसं विचारावं कळेना." मग म्हणाली, "आमचा गणराज बेंगळुरूला आहे ना."

मी तिच्याकडे पाहिलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराशी एक ताट.

"दर शनिवारी," मी म्हणाले. "कासारवाडी. सुखदा घेऊन जाईल त्याला."

चाळणी पुन्हा तिथेच राहिली.

२६ जानेवारी

आठ ओळींची जागा आहे, असं सुजितने फोनवर सांगितलं. "ठोक्यावर बसलं न्हाई तरी चालंल काकू, तुमी बोला, आमी ठोका तुमच्या मागं आणतो." मी म्हणाले, चारच पुरतील. मॅडम म्हणायची आठवण आज केली नाही.

२७ जानेवारी

अकरा कागद फाडले. सुखदा ऑफिसला गेली. दोन्ही बूट घालून.

२८ जानेवारी, बुधवार. सकाळी ११ वाजता.

(हे पान फाडून तिच्या दाराखालून सरकवायचं. दार हल्ली उघडंच असतं, तरी खालूनच.)

कु. सुखदा यांस,

विषय: गाण्यातली रिकामी जागा.

सोबत माझा मजकूर. यमक नाही, जुळवणार नाही.

पडदा लाव म्हणाले, कारण मलाच बघवत नव्हतं.
समोरच्यांचं नाव पुढे केलं, ते खोटं.
पोळी ठेवून मी परत जात नव्हते, सुखदा.
दाराला पाठ टेकून बसायची. जर्मनीत आपण दोघी होतो.

रविवारच्या कार्यक्रमात हे मी स्वतः उभी राहून म्हणायचं, की तुझ्या मोबाइलवर बोलून ठेवायचं, ते कळवावं. उत्तर शुक्रवार, ३० जानेवारी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांच्या आत मिळावं. लेखीच हवं. तोंडी चालणार नाही — तोंडी दिलंस तर मी रडेन, आणि रुमालात मावणार नाही.

— आई