खलनायिकेचं इंग्रजी

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या टेबलावर ऑइलच्या डब्याखाली ठेवते आहे, म्हणजे पंख्याने उडणार नाही. एका घरात राहतो, एका दुकानात बसतो, मग पत्र कसलं, असं म्हणशील. त्याचं उत्तर शेवटी देते.

माझ्या इंग्रजीबद्दल तू जेवताना म्हणालास, "आपण शिलाई मशीन दुरुस्त करतो गं, कोणाला ओलीस धरत नाही." वहिनीला ठसका लागला. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. मग तू विचारलंस की असलं इंग्रजी शिकलीस तरी कुठे, आणि मी तोंड उघडायच्या आत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. उत्तर राहूनच गेलं.

सुरुवात इंग्रजी गाण्यांनी केली. मागच्या खोलीत बॉबिन केस रॉकेलमध्ये बुडवून घासायच्या, सुयांच्या खोक्याला टेकवून फोन उभा करायचा, आणि गाण्यामागोमाग म्हणायचं. गाणी पाठ झाली. पण गाण्यातलं इंग्रजी प्रेमात पडलेल्यांना पुरतं, त्यात मशीनच्या हुकचा साइज विचारता येत नाही. मग स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहिले. त्यातून बारीक चिरणं, मंद आच, झाकण ठेवणं एवढं आलं. मग ती इंग्रजी मालिका सापडली.

एका घराण्याची जहाजांची कंपनी आणि तिच्यासाठी चाललेली मारामारी. नायक ओठांतल्या ओठांत बोलतो. नायिकेला अर्ध्या वाक्यात रडू येतं. सगळी कंपनी गिळायला बसलेली थोरली आत्या तेवढी स्वच्छ बोलते. आपला मिस्त्री सुटे केलेले स्क्रू फडक्यावर ओळीने मांडतो, तशी ती शब्द मांडते. मी व्हिडिओ थांबवायची, तिच्यासारखं म्हणायची, बॉबिन केस पुसायची, पुन्हा म्हणायची. मिस्त्री मान वर न करता विचारायचा, "आज कोणाचा नंबर, मॅडम?"

बोलणं कळतं म्हणून तिला निवडलं, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. ते खरं नव्हतं. तिचं वाक्य कोणी तोडत नाही. वकील तोंड उघडतो, ती एक बोट वर करते, वकील थांबतो. आपल्या घरात असं बोट मी पाहिलेलं नाही. आईचं बोलणं आठव. "मला वाटतं की," याच्या पुढचं आईचं वाक्य मी कधी ऐकलंच नाही. पुढचं बाबा बोलायचे. बाबांनंतर तू बोलायला लागलास. तू काही वाईट नाहीस. तुला घाई असते आणि समोरच्याला काय म्हणायचं आहे ते आधीच कळलंय असं वाटतं.

शेवटच्या भागात त्या आत्याला मारून टाकतात म्हणे. तो भाग मी पाहणार नाही.

आता त्या फोनचं. कपड्यांच्या कारखान्यातली मशीनं हुक नसल्यामुळे बंद होती. शिवणाऱ्या बायका रिकाम्या बसून होत्या आणि त्यांची सुपरवायझर रोज दुकानात येऊन उभी राहायची. आपला परराज्यातला पार्टवाला दर वेळी पुढचा आठवडा सांगायचा आणि तू दर वेळी त्याला थँक्यू म्हणायचास. तू बँकेत गेला होतास तेव्हा मी फोन लावला. तो नेहमीसारखा मध्येच सुरू झाला. मी इंग्रजीत म्हणाले, "आधी तुमचं वाक्य संपवा. मी थांबते. मग मी माझं संपवेन." पलीकडे शांतता झाली. दादा, ती शांतता मी अजून विसरलेले नाही. मग मी हुकचा नंबर सांगितला, किती मशीनं बंद आहेत ते सांगितलं, आणि आज माल निघाला नाही तर उद्या याच वेळी पुन्हा फोन करेन, असं सांगितलं. धमकी नव्हती ती. खरंच केला असता. माल त्याच दिवशी निघाला.

हे कळल्यावर तू मला फोनच्या टेबलावरून उठवून मागे पॅकिंगला बसवलंस आणि फोन घ्यायला तो टायवाला आणलास. मुलगा गोड आहे. फोनवर हसून बोलायचं, हसू ऐकू जातं, असं त्याने मला शिकवलं. तो प्रत्येक फोन सॉरीने सुरू करतो. माझी चूक असली तर मीही सॉरी म्हणेन. हुकचा माल मी अडवून ठेवला नव्हता.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. परवा पार्टवाल्याचा फोन तू स्पीकरवर घेतलास. मी तुझ्या मागे सुया तेलाच्या कागदात गुंडाळत होते. त्याने विचारलं, त्या दिवशी बोलल्या त्या बाई कोण? तू इंग्रजीत म्हणालास, "ती कोणी नाही. मदतीला येते." आणि माझ्या वतीने माफी मागितलीस. माझ्या इंग्रजीवर सगळं घर हसतं, पण इंग्रजी मला समजतं हे त्या क्षणी तुझ्या ध्यानातही नव्हतं.

सोमवारी मी फोनच्या टेबलावर बसणार आहे. टायवाल्याने समोर बसावं, खुर्ची पुसून ठेवली आहे. पार्टवाल्याला पहिला फोन मी करेन आणि मी कोण हे माझ्या तोंडाने सांगेन, त्याच आत्याच्या आवाजात, कारण माझ्याकडे दुसरा आवाज नाही आणि मला दुसरा नकोही आहे. हे समोरासमोर सांगायला मी दोनदा आले होते. एकदा "दादा, मला वाटतं की" इथपर्यंत पोहोचले, एकदा तिथपर्यंतही नाही. कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही, म्हणून लिहिलं. इथवर वाचलं असशील, तर माझं एक बोलणं तू पहिल्यांदा पुरतं ऐकलंस. आता तू बोल. मी मध्ये तोडणार नाही.

तुझीच,
फोनवरची बाई